आरोग्यावरचा खर्च, परदेशी मदत आणि आपला खिसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या मंडळाचा रुग्ण मदत कक्ष आहे, दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे बसते. आठवडाभर रबाळेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे आकड्यांची सवय आहे. लोक येतात सरकारी आरोग्य योजनेचे कागद घेऊन आणि जाताना हमखास विचारतात, ताई पेपरात आलंय सरकारचा खर्च वाढला, मग आमचं बिल का नाही कमी झालं? हे असले प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

आपला देश आरोग्यावर नक्की किती खर्च करतो?

याचा हिशोब केंद्र सरकार राष्ट्रीय आरोग्य लेखा या नावाने काढतं. २०२१-२२ चे आकडे सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर आले, म्हणजे दोन-अडीच वर्षं मागचेच आकडे हातात पडतात हे आधी लक्षात घ्या. त्यानुसार देशाचा सगळा मिळून खर्च ९,०४,४६१ कोटी रुपये, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या) ३.८३ टक्के. यात सरकारचाही पैसा आला, विमा कंपन्यांचाही आणि तुम्ही-आम्ही मेडिकलवाल्याला दिलेलाही. बातमीत "देशाचा खर्च" असं लिहिलेलं असलं की लोकांना तो सरकारचा वाटतो. सरकारचा त्यातला वाटा ४८ टक्के, निम्म्याला थोडा कमीच.

माणशी किती होतात?

सगळा खर्च धरला तर वर्षाला ६,६०२ रुपये. त्यातले सरकारचे ३,१६९. २०१४-१५ ला हेच सरकारी पैसे माणशी १,१०८ होते, म्हणजे वाढ झालीय, आणि ती मान्य करायलाच हवी (महागाई वजा केलेली नाही, तेवढं ध्यानात ठेवा). पण ३,१६९ ला ३६५ ने भागा. दिवसाला पावणेनऊ रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि त्यात लसीकरण, बाळंतपणं, टीबी, कॅन्सर, हॉस्पिटलच्या इमारती, डॉक्टर-नर्सचे पगार सगळं बसवायचं.

लोकांच्या खिशातून जाणारा पैसा कमी झाला म्हणतात, खरं आहे का?

कागदावर हो. एकूण खर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला. मोठी घट आहे आणि सरकारने खर्च वाढवला हे त्यामागचं खरं कारणही आहे. पण मला तीन गोष्टी खटकतात, त्या सांगते.

पहिली, २०२१-२२ हे कोविडचं वर्ष. लसी, ऑक्सिजन, तात्पुरती सेंटरं यावर सरकारचा पैसा धो धो गेला, म्हणजे सरकारचा वाटा त्या वर्षी फुगलेला दिसणारच. दुसरी, खिशातला खर्च मोजतात तो घरोघरी जाऊन केलेल्या सर्व्हेवरून, आणि या आकड्यांसाठी जो सर्व्हे वापरला तो जुलै २०१७ ते जून २०१८ चा होता, पुढच्या वर्षांसाठी त्यावरूनच अंदाज बांधत आणलेत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, खर्च कमी झाला म्हणजे उपचार स्वस्त झाले असंच नसतं, माणूस दवाखान्यात गेलाच नाही तरी त्याचा खर्च शून्यच दिसतो. आमच्याकडे एक काकू येतात, घरकाम करतात, गुडघ्याचं दुखणं तीन वर्षं अंगावर काढलं त्यांनी. त्यांचा त्या तीन वर्षांचा खर्च कुठल्याही तक्त्यात नाही.

आणि वाटा कमी झाला तरी रक्कम बघा ना, ६,६०२ चे ३९.४ टक्के म्हणजे माणशी साधारण २,६०० रुपये अजूनही खिशातूनच. चार माणसांच्या घराला दहा हजार. ही सरासरी आहे, आजारी घराला सरासरी लागत नाही, त्याला पूर्ण बिल लागतं.

मग आमचं बिल का वाढतंय? योजना आहे, मेडिक्लेम आहे, तरी?

कारण योजना आणि मेडिक्लेम दोन्ही मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर चालतात आणि आपले पैसे बहुतेक अ‍ॅडमिट न होताच जातात. डॉक्टरची फी, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, आणि दर महिन्याच्या गोळ्या. माझ्या बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे, मेडिक्लेमचा हप्ता आम्ही न चुकता भरतो, आणि गेल्या चार वर्षांत त्यातून एक रुपया मिळालेला नाही कारण ते अ‍ॅडमिटच झाले नाहीत (देवाची कृपा), पण मेडिकलचं बिल दर महिन्याला आहेच.

मागच्या महिन्यात एक ताई आल्या, नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. डायलिसिस योजनेतून, पूर्ण मोफत. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली आणि आम्ही दोघींनी कागद लावायला घेतले. रक्त वाढवायच्या इंजेक्शनची बिलं वेगळी, कारण त्या सेंटरमध्ये स्टॉक संपला की बाहेरून आणायला सांगायचे. रक्ततपासणीची वेगळी. मग एका वहीच्या कागदावर पेन्सिलने नुसते आकडे, ८०, ८०, १००, ८०, असे खाली खाली. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या रिक्षा, डायलिसिस झाल्यावर त्यांना बसमध्ये उभं राहवत नाही. महिन्याची बेरीज पाच हजारांच्या वर गेली, आणि त्या पोळ्या करून महिन्याला बारा हजार कमावतात. नवऱ्याची नोकरी आजारपणातच गेली, ती तर कुठल्या बिलात येतच नाही. सरकारी हिशोबात हा पेशंट "मोफत" आहे, आणि ते खोटंही नाही, मोठा खर्च सरकारनेच उचललाय, नाहीतर हे घर कधीच बसलं असतं. पण उरलेलं जे आहे ना, ते त्या पेन्सिलच्या कागदावर आहे.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आरोग्याच्या खर्चाचा कुठलाही आकडा ऐकला की एवढंच विचारा, गोळ्या आणि तपासण्यांचं बिल कुणी भरलं? खर्च हवेत विरत नाही, सरकारने नाही भरला, विम्याने नाही भरला, देणगीदाराने नाही भरला, की तो पेशंटच्या पिशवीत येऊन पडतो. पुढे परदेशी मदतीचं लिहिलंय तिथेही हेच आहे.

जनऔषधीची औषधं चांगली असतात का?

हो, ही सरकारी योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं आहेत. औषध तेच, ब्रँडचं नाव नाही म्हणून किंमत बरीच कमी, बऱ्याच गोळ्यांना निम्म्याहूनही कमी. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, ते नसलं की काउंटरवर गोंधळ होतो.

अडीच टक्क्यांचं काय झालं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा. २०१४-१५ ला तो १.१३ टक्के होता, २०२१-२२ ला १.८४ झाला. तोही कोविडच्या पैशासकट. राज्यांनी आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालावेत असंही त्याच धोरणात होतं, २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्यापासून बराच लांब आहे, आणि देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक असून ही अवस्था आहे याचा मला मनापासून राग येतो. केंद्राच्या आर्थिक पाहणीतच २०२०-२१ ला म्हटलं होतं की सरकारी खर्च अडीच-तीन टक्क्यांवर गेला तर लोकांच्या खिशातला वाटा ६५ वरून ३५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, म्हणजे उपाय माहीत नाही असंही नाही.

जबाबदारी कुणाची, केंद्र, राज्य की महापालिका?

तिघांची, आणि म्हणूनच लोकांची धावाधाव होते. घटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटलं हा राज्याचा विषय, सरकारी पैशातला निम्म्याहून जास्त राज्यांकडूनच येतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ठाण्याचं सिव्हिल राज्य सरकारचं (जुनी इमारत पाडायला घेतल्यावर ते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं). कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, त्याला जोडून राजीव गांधी मेडिकल कॉलेज, तेही पालिकेचंच. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलात तर वाशी, नेरूळ, ऐरोलीची हॉस्पिटलं नवी मुंबई महापालिकेची. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सरचं हॉस्पिटल टाटा मेमोरियलचं, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालचं.

आता याचा व्यवहारात काय परिणाम होतो, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत केले, चांगला निर्णय होता, पण तो त्या विभागाच्याच दवाखान्यांना. पालिकेच्या हॉस्पिटलला पालिकेचे नियम. लोक कळव्याला जाऊन भांडतात की टीव्हीवर तर सगळं मोफत सांगितलं, आणि काउंटरवरच्या मुलीचा बिचारीचा काही दोष नसतो.

पगारातून सेस कापतात तो आरोग्यालाच जातो का?

इन्कम टॅक्सवर ४ टक्के "आरोग्य आणि शिक्षण" सेस २०१८ च्या बजेटपासून आहे, आधी ३ टक्के फक्त शिक्षणाचा होता. दोन्ही विषयांना मिळून आहे, आणि सेसचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, केंद्राकडेच राहतो. हॉस्पिटलं बहुतेक राज्यांची आणि सेस केंद्राचा, हे गणित मला तरी पटत नाही.

मेडिक्लेमवरचा जीएसटी गेला ना?

गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला हे लागू नाही.

कोणती योजना कुणाला?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, आधी हिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं आणि २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. आता आयुष्मान भारतला जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही चालते, हे अजून कित्येकांना माहीतच नाही. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासून. दोन्हीकडे हॉस्पिटल यादीतलं हवं आणि उपचार यादीतला हवा, आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा मदतनीस) भेटा, अ‍ॅडमिशन झाल्यावर नाही.

आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, विसरू नका. रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, इथे काम करणाऱ्या ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, आणि यात ओपीडी आणि औषधंही येतात, अ‍ॅडमिट व्हायची अट नाही. मी स्वतः पगारपत्रकात ही कपात रोज बघते आणि त्यातल्या किती जणांनी कार्ड कधी वापरलंय विचारलं तर हात फारसे वर येत नाहीत. पगार २१,००० च्या वर गेला की पुढे कव्हर सुटतं, त्यामुळे इन्क्रीमेंट झालेल्यांनी आधीच मेडिक्लेमची सोय बघावी.

बाकीचे देश किती खर्च करतात?

२०२१ ला सगळ्या जगाचा मिळून ९.८ लाख कोटी डॉलर, जगाच्या उत्पन्नाच्या १०.३ टक्के. एकटी अमेरिका २०२३ मध्ये जीडीपीच्या १७.६ टक्के, माणशी १४,५७० डॉलर. एवढं करूनही तिथे बिलापायी लोक कर्जात जातात, तेव्हा नुसता आकडा मोठा असून भागत नाही. मला जास्त शिकण्यासारखा वाटतो तो थायलंड. २००२ ला त्यांनी सरकारी पैशातून सगळ्यांना कव्हर दिलं, सुरुवातीला एका भेटीला फक्त ३० बाट घ्यायचे, आणि त्यात साधी ओपीडी आणि औषधं आली. नेमकं जे आपल्याकडे बाहेर राहिलंय ते त्यांनी आत घेतलं.

आपली आरोग्यसेवा परदेशी मदतीवर चालते का?

नाही. एकूण खर्चात परदेशी पैसा एक टक्काही नाही. पण पैसा थोडा म्हणजे त्याचं काम थोडं असं समजू नका, तो अशा जागी आला जिथे तेव्हा सरकार जायला बिचकत होतं. एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ ला सुरू झाला तो जागतिक बँकेच्या कर्जावर. २००३ ला गेट्स फाउंडेशनने अवाहन नावाचा प्रकल्प आणला, महाराष्ट्रासह सहा राज्यांत, देहविक्रय करणाऱ्या बायका, हायवेवरचे ट्रकवाले, यांच्यापर्यंत पोचायला. आणि महत्त्वाचं म्हणजे तो नंतर टप्प्याटप्प्याने आपल्या सरकारकडे सोपवला. मदत घ्यावी तर अशी, पाय रोवले की स्वतःच्या पैशावर घ्यायचं. पोलिओचंही तसंच, बाहेरची साथ होती, पण पल्स पोलिओचा मोठा भार आपणच उचलला आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

मग अमेरिकेने मदत थांबवली तर आपल्याला काय फरक पडतो?

आकड्यात नाही पडत. कल्याणला पडला. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्यानंतर तृतीयपंथीयांसाठी चालणारी मित्र क्लिनिकं बंद झाली, एक हैदराबादला, एक पुण्याला आणि एक आपल्या जिल्ह्यात कल्याणला. तिथे एचआयव्ही तपासणी, समुपदेशन, हार्मोन्सचा सल्ला हे सगळं मिळायचं, आणि मुख्य म्हणजे कुणी वळून वळून बघायचं नाही. सरकारी ओपीडीत स्त्रियांची रांग की पुरुषांची रांग इथूनच ज्यांची अडचण सुरू होते, त्यांना ही जागा होती. हैदराबादचं क्लिनिक पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने नव्या नावाने उभं राहिलं. देशाच्या खर्चाच्या तक्त्यात हा पैसा दशांश चिन्हाच्या पार उजवीकडे असेल, पण आमच्याकडे येणाऱ्या एकीने मला सांगितलं की आता तपासणी प्रायव्हेटमध्ये करते, स्वतःच्या पैशाने, जमेल तेव्हा. बघा, तेच झालं. देणारा गेला आणि बिल तिच्याकडे आलं.

जगात मदत एकूण किती घटली?

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई संस्थेच्या अंदाजाप्रमाणे आरोग्यासाठीची परदेशी मदत २०२१ ला कोविडमुळे ८० अब्ज डॉलरवर गेली होती, २०२५ ला ती ३९ अब्जांवर आली, निम्म्याच्याही खाली. अमेरिकेची घट सगळ्यात मोठी, परदेशी मदत देणारी त्यांची यूएसएड ही संस्थाच १ जुलै २०२५ पासून गुंडाळली. ब्रिटननेही उत्पन्नाच्या ०.५ टक्के मदत २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं जाहीर केलं, संरक्षणावर जास्त खर्च करायचा म्हणून. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावेत असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० लाच ठरवलंय. गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या 'गावी' या जागतिक संस्थेला जून २०२५ मध्ये ११.९ अब्ज डॉलर हवे होते, ९ अब्जांच्या थोडे वर कबूल झाले.

आता हे ३९ अब्ज जगाच्या एकूण आरोग्य खर्चासमोर ठेवा, ढोबळ हिशोबाने शंभर रुपयांत चाळीस पैसे. एवढ्या चाळीस पैशांवर मलावी, मोझांबिकसारख्या देशांचा एचआयव्ही, मलेरिया, लसीकरण मोठ्या प्रमाणात चालतं.

त्या देशांनी स्वतः का नाही खर्च केला?

हा प्रश्न थोड्या तिरकसपणे विचारला जातो, पण तो त्यांच्याकडेही विचारला जातोच. २००१ ला नायजेरियात अबुजाला आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं की बजेटचे १५ टक्के आरोग्याला. फार थोड्यांना जमलं. कर्जाचे हप्तेच इतके की आरोग्याला उरत नाही, आणि मदत येतेय म्हटल्यावर सरकारंही निवांत राहिली, दोन्ही खरं आहे. २०२५ ला मदत तुटल्यावर नायजेरियाने आरोग्याच्या बजेटमध्ये २० कोटी डॉलर वाढवले. पण आज गोळी संपलेल्या माणसाला पुढच्या बजेटपर्यंत थांबता येत नाही, एचआयव्हीचं औषध मध्येच सोडलं तर विषाणू परत डोकं वर काढतो.

मदतीच्या पैशाने खरंच जीव वाचतात की मधेच जिरतो?

जिरतोही, सल्लागारांवर आणि विमानप्रवासावर बराच जातो, ते मी नाकारत नाही. पण एचआयव्हीचं बघा. २००० च्या आसपास एका माणसाच्या औषधाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ ला आपल्या मुंबईच्या सिप्लाने डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या सेवाभावी संस्थेला तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. २००२ ला ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियासाठीचा जागतिक निधी), २००३ ला पेपफार हा अमेरिकेचा एचआयव्हीसाठीचा मदत कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे औषध स्वस्त झालं आणि विकत घेणाराही आला, दोन्ही एकाच वेळी. पेपफारमुळे अडीच कोटी जीव वाचले असं अमेरिकी सरकारचाच हिशोब सांगतो. यातल्या गोळ्यांचा मोठा भाग भारतीय कंपन्यांचा, आणि गावीच्या लसींमध्ये पुण्याच्या सीरमचा वाटा मोठा आहे. त्यामुळे मदत आटली की आपल्या कारखान्यांच्या ऑर्डरींवरही गदा येते.

अमेरिका डब्ल्यूएचओतून बाहेर पडली, आता?

डब्ल्यूएचओकडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेकडे, येणाऱ्या पैशात देशांची ठरलेली वर्गणी पाचव्या हिश्शाहूनही कमी होती, बाकी सगळं देणाऱ्याच्या मर्जीचं. मे २०२५ ला सगळ्या देशांनी वर्गणी २० टक्क्यांनी वाढवायला मान्यता दिली, तरी २०२६-२७ चं बजेट ५.३ अब्ज डॉलरवरून ४.२ वर आणावं लागलं. आपल्या सोसायटीसारखंच आहे, मेंटेनन्स सगळ्यांकडून नियमित आला तरच लिफ्ट चालू राहते.

आपलेच लोक रांगेत असताना भारत बाहेर पैसे का देतो?

भारताने २०२० ला गावीला १.५ कोटी डॉलर कबूल केले, ग्लोबल फंडलाही देतो, आणि या दोन्हीकडून घेतोही. आपल्या नऊ लाख कोटींसमोर ही रक्कम इतकी लहान आहे की ती थांबवून कळव्याची रांग कमी होणार नाही. रांग कमी होईल ती अडीच टक्के खरोखर दिल्यावर. आणि टीबी, गोवर, फ्लू यांना सीमा कळत नाही, हे ट्रान्स-हार्बरच्या गर्दीच्या लोकलने जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टीबीच्या पेशंटला पैसे मिळतात का?

हो, निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,०००, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात.

सर्व्हेवाले घरी आले तर त्यांना खर्च खरा सांगायचा का?

सांगायचाच, आणि पूर्ण सांगायचा. जुना सर्व्हे २०१७-१८ चा होता, त्यानंतरचा आरोग्याचा मोठा सर्व्हे जानेवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. त्यात अ‍ॅडमिट झाल्याचं मागच्या ३६५ दिवसांचं विचारतात आणि साध्या आजारांचं मागच्या १५ दिवसांचं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर सर्व्हेवाली मुलगी आली होती, तिथल्या आजी तिला म्हणाल्या, "नाही गं, आजारी-बिजारी कुणी नाही घरात." रोजच्या तीन गोळ्यांची पट्टी समोर टीव्हीवर पडलेली. त्यांना तो आजार वाटतच नाही, इतकी वर्षं झाली. सुनेने आतून आवाज दिला, मग त्या मुलीने मागचं पान उलटून परत लिहायला घेतलं, गोळ्या, शुगरची तपासणी, आणि रिक्षाचे जाऊन येऊन १२० रुपये.